नियम करण्याआधी, आत राहून आलेल्या बाईला विचारा

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी नाशिकच्या सातपूरला राहते. आमच्या वस्तीच्या महिला आरोग्य समितीत मी पहिल्यापासून आहे. एप्रिल 2021 मध्ये आशाताईंबरोबर ऑक्सिमीटर घेऊन मी घरोघरी फिरायचे. आमच्याच ओळीतल्या एका वहिनींना ताप येत होता, पण त्या कोणाला सांगत नव्हत्या. मी आशाताईंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी गाडी आली, अख्खी गल्ली बाहेर येऊन बघत उभी राहिली. वहिनी पॉझिटिव्ह निघाल्या, कोविड सेंटरला राहून बऱ्या होऊन आल्या. पण त्यांची धुण्याभांड्याची तिन्ही कामं गेली. त्यांचे मिस्टर कंपनीत कंत्राटी होते, त्यांनाही परत घेतलं नाही. तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोलत नाहीत, हळदीकुंकवालाही येत नाहीत. आता सिंहस्थाच्या तयारीसाठी आरोग्य केंद्रात बैठक आहे. साथ आलीच तर वस्तीत चाचण्या आणि विलगीकरण कसं करायचं, याच्या सूचना समितीने द्यायच्या आहेत. माझं मन होत नाही. मी तेव्हा चुकले का? आणि गेलेच तर काय मागू, कडक नियम की सौम्य?

उत्तर

प्रिय ताई,

बैठकीला जा. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पत्र वाचताना मला एकच काळजी वाटत होती, की हे उत्तर छापून येईपर्यंत तुम्ही नकार कळवून मोकळ्या व्हाल.

तुम्ही चुकला नाहीत. एप्रिल 2021 चे दिवस आठवून बघा. आपल्या शहरात एका बेडसाठी लोक रात्रभर फोन लावत होते, रेमडेसिविरसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. त्या आजारात ऑक्सिजन बसल्या जागी उतरायचा आणि माणसाला धाप लागेपर्यंत पत्ताही लागायचा नाही. आकडा 94 च्या खाली गेला की दवाखाना गाठायचा, हे कळायला कोणीतरी दारात येऊन बोटाला मशीन लावायला हवं होतं. ते काम तुम्ही केलंत, स्वतःच्या जिवाची भीती असताना केलंत. अंगात ताप आहे आणि बाई सांगत नाही, हे समजल्यावर आशाताईंना कळवणं हेच तुमचं काम होतं. वहिनी आज आहेत, यात तुमच्या त्या कळवण्याचाही वाटा असेल.

आणि वहिनींचा रागही खरा आहे. आजार त्यांनी सोसला, त्याबद्दल त्या तुम्हाला बोल लावत नसाव्यात. त्यांच्या मनात राहिलंय ते नंतरचं: गाडीत चढताना अंगावर पडलेल्या नजरा, गेलेली कामं, मिस्टरांचा बुडालेला पगार. तुम्ही आशाताईंना सांगितलं, आशाताईंनी केंद्राला कळवलं, केंद्राने गाडी पाठवली, सेंटरने उपचार केले. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं. पण या माणसाच्या घरात उद्या काय शिजणार, परत आल्यावर याला कामावर कोण घेणार, हे बघणं कोणाच्याच यादीत नव्हतं.

म्हणून कडक की सौम्य, या वादात तुम्ही पडू नका. बैठकीत हा वाद हमखास होईल, त्यात तास जाईल आणि हाती काही लागणार नाही. तुम्ही दुसरा प्रश्न विचारा. ज्याला आपण घरात किंवा सेंटरमध्ये थांबायला सांगणार आहोत, त्याला थांबणं परवडेल का? परवडत असेल तर साधा नियमही पाळला जातो. परवडत नसेल, तर दारात पोलीस बसवला तरी लोक ताप लपवतात. गोळी खाऊन कामावर जातात आणि आजार कंपनीत, रिक्षात, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोचतो.

वहिनींनी ताप का लपवला, ते त्यांच्या जागी बसून पाहू. घरी विलगीकरणात राहायचं तर रुग्णाला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय हवं, असं तेव्हाचे नियम सांगत होते. एका खोलीत पाच माणसं आणि सार्वजनिक संडास असलेल्या ओळीत हे कसं जमणार? म्हणजे पॉझिटिव्ह निघालं की सेंटर ठरलेलंच. सेंटर म्हणजे पोरांना मागे ठेवून जाणं. तीन घरची कामं म्हणजे तीन मालकिणी, आणि त्यातली एकही पगारी रजा देणारी नाही. मिस्टरांना कंत्राटदाराकडे एकेक खाडा मोजला जाणार. त्यात 21 एप्रिलला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा थांबला आणि 22 रुग्ण तडफडून गेल्याची बातमी आली. त्यानंतर एखाद्या घाबरलेल्या बाईला ‘चला, महापालिकेच्या दवाखान्यात’ म्हणणं किती अवघड झालं असेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वहिनींनी हिशेब मांडला होता, ताई. आणि त्यांना ज्या ज्या गोष्टींची भीती होती, त्या सगळ्या घडल्या. पुढच्या साथीत त्यांच्यासारख्या बाईने आपणहून पुढे यावं असं वाटत असेल, तर तो हिशेब बदलायला हवा.

आपल्या महाराष्ट्राने हे फार आधी भोगलंय. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 1897 च्या सुरुवातीला इंग्रज सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा केला. मार्च 2020 मध्ये तुमच्याआमच्यावर लागू झाला तो हाच कायदा. त्याच 1897 मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरात घुसून रुग्ण शोधत, देवघरापर्यंत जात, माणसं उचलून नेत, सामान जाळत. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसं माळ्यावर, अडगळीत लपवू लागले, मेलेल्यांची खबर देईनासे झाले. आणि त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या बाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव माळावर प्लेगचा दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घालून तिथे आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. रुग्णाला वस्तीपासून वेगळं करणं दोन्हीकडे होतं. एका बाजूला सोजीर दार फोडत होते, दुसऱ्या बाजूला आपलं माणूस पाठीवर घेत होतं. समितीतल्या बायकांनी कोणाच्या वाटेने जायचं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता मागायचं काय, ते सांगते. पोटापाण्यापासून सुरुवात करा, कारण त्या बैठकीत हा विषय दुसरं कोणी काढणार नाही.

तुमच्या वस्तीत औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारी बरीच माणसं असणार. ज्यांच्या पगारातून राज्य कामगार विम्याचे पैसे कापले जातात, त्यांना डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणाचा भत्ता मिळतो. पगाराच्या साधारण 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. विम्याचं रुग्णालय तर सातपूरलाच आहे. किती जणांना हे माहीत असतं? पैसे कापले जातात, कार्ड कंत्राटदाराकडे पडून राहतं आणि आजारी पडल्यावर माणूस उसनवारी करत फिरतो. साथ येण्याची वाट न बघता आत्ताच प्रत्येक घरात कार्ड आहे का, नंबर चालू आहे का, ते समितीने पाहून ठेवावं. त्याचबरोबर, विलगीकरणात ठेवलेल्या प्रत्येक माणसाला महापालिकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचं पत्र मिळावं अशी मागणी करा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्या सांगण्यावरून हा कामावर आला नाही, आता तो कामावर येऊ शकतो. एवढा कागद हातात असता तर वहिनींच्या मिस्टरांना कंत्राटदारापुढे निदान तोंड उघडता आलं असतं.

घरकाम करणाऱ्या बायकांची अवस्था याहून वाईट. त्यांना विमा नाही, रजा नाही. त्यांच्यासाठी राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, 2008 च्या कायद्याने झालेलं. एप्रिल 2021 च्या निर्बंधांत सरकारने मदत जाहीर केली, ती 1500 रुपयांची होती आणि नोंदणी असलेल्यांनाच होती. रक्कम तुटपुंजी, मान्य. पण नोंदणीच नसेल तर तीही नाही. तुमच्या ओळीतल्या सगळ्या धुणंभांडी करणाऱ्या बायकांची नोंदणी हे समितीचं यंदाचं काम करून टाका.

एक सावधगिरी. अन्नधान्याची गोष्ट निघाली की केंद्रातलं कोणी म्हणेल, समितीचा निधी आहे ना, त्यातून करा. महिला आरोग्य समितीला वर्षाला 5000 रुपये मिळतात आणि तिच्याकडे 50 ते 100 घरं असतात. शंभर घरं धरली तर घरामागे वर्षाचे 50 रुपये. त्यात साबण, ऑक्सिमीटरचे सेल, फार तर आणीबाणीत एखाद्या रिक्षाचं भाडं निघेल. चौदा दिवसांचा शिधा निघणार नाही. तो महापालिकेने द्यायचा, डबा कोण आणणार आणि मुलांकडे कोण बघणार हे आधी ठरवायचं, आणि तसं बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यायचं. तोंडी हो म्हटलेलं मोजू नका.

दुसरी मागणी गाडीची. हे ऐकायला लहान वाटेल, पण वहिनींचं जे मोडलं ते तिथे मोडलं. आधी फोन करावा, बाईला दोन कपडे भरायला, पोरांना कोणाकडे तरी सोपवायला वेळ द्यावा. गाडी गल्लीत न आणता मोठ्या रस्त्यावर थांबवावी, सायरन बंद. नावं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाहीत, समितीच्या ग्रुपवरसुद्धा नाहीत. आणि दारावर कागद चिकटवायचा नाही. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं, की सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली खास तसा आदेश दिल्याशिवाय कोविड रुग्णाच्या घराबाहेर असे फलक लावता येणार नाहीत. पुन्हा कोणी कागद आणि गोंद घेऊन आलं, तर हे सांगा आणि लेखी आदेश दाखवा म्हणा.

तिसरी मागणी, नियमाला कारण आणि शेवटची तारीख हवी. मागच्या वेळी घरी विलगीकरणाचे दिवस आधी 17 होते, एप्रिल 2021 च्या सुमारास 10 झाले, जानेवारी 2022 मध्ये 7. लोक म्हणाले, यांनाच काही कळत नाही. खरं तर आजाराची माहिती वाढत गेली, दुसऱ्यांना लागण होण्याचे दिवस नेमके कळले, लसी टोचल्या गेल्या, म्हणून दिवस कमी करता आले. हे वस्तीत येऊन सोप्या मराठीत कोणी सांगितलंच नाही. मार्च 2020 मध्ये लोकांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के मारले होते, त्यांवर निदान तारीख तरी होती. तारीख दिसली की माणूस दिवस मोजतो आणि निभावून नेतो.

चाचण्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच लोकांचा विश्वास सगळ्यात जास्त उडाला. सुरुवातीच्या आठवड्यांत आपल्याकडचे घशाचे स्राव तपासायला पुण्याला जायचे. अहवाल येईपर्यंत माणूस ना घरचा ना दवाखान्याचा, संशयित म्हणून पडून. तेव्हा बैठकीत विचारा, अहवाल किती तासांत येणार? माणसाला फोन कोण करणार? तोवर त्याला ठेवणार कुठे? कारण संशयिताला पॉझिटिव्ह रुग्णाशेजारी झोपवलं, तर नसलेला आजारही लागतो.

नाकातली झटपट अँटिजेन चाचणी अर्ध्या तासात सांगते, पण तिच्यातून रुग्ण निसटू शकतो. लक्षणं आहेत आणि ती निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर करायलाच हवी, असा तेव्हाचा नियम होता. ‘निगेटिव्ह आलाय, जा कामाला’ असं परस्पर म्हणून चालत नाही. आणि उलट बाजूही आहे. आरटीपीसीआर बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण ती विषाणूचे मेलेले तुकडेसुद्धा पकडते. म्हणून घरच्या विलगीकरणाचे दिवस भरल्यावर पुन्हा चाचणीची गरज नाही, असं नियमातच लिहिलं होतं. तरी किती मालकिणींनी आणि किती कंत्राटदारांनी ‘निगेटिव्ह रिपोर्ट आण, मगच ये’ म्हणून बायामाणसांना परत पाठवलं! खिशातले पैसे घालून पुन्हा चाचणी, पुन्हा पॉझिटिव्ह, पुन्हा घरी. याचा मला आजही संताप येतो. वर सांगितलेल्या सहीशिक्क्याच्या पत्रात ‘पुन्हा चाचणीची आवश्यकता नाही’ ही ओळ असलीच पाहिजे.

आणि चाचण्यांचं रोजचं टार्गेट लावून देऊ नका म्हणावं. हरिद्वारच्या 2021 च्या कुंभात उच्च न्यायालयाने रोज 50,000 चाचण्या करायला सांगितलं होतं. खासगी संस्थांना काम दिलं गेलं. पुढे पंजाबातल्या एका माणसाला मोबाईलवर निरोप आला की तुमची चाचणी झाली. तो तर हरिद्वारला गेलाच नव्हता. त्याने पिच्छा पुरवला आणि प्राथमिक चौकशीत सुमारे एक लाख चाचण्या बनावट असल्याचं पुढे आलं. एकेका फोन नंबरवर पन्नासहून अधिक माणसं दाखवली होती. सिंहस्थ आपल्या दारात आहे, 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं आहेत. हा धडा नाशिकने आधीच गिरवलेला बरा. किती नळ्या भरल्या यापेक्षा ताप असलेल्यांपैकी किती जणांची तपासणी झाली आणि किती जणांना वेळेत निरोप मिळाला, हे दर आठवड्याला समितीला सांगा, अशी मागणी करा.

साथ कोणती येईल हे मात्र आधीच गृहीत धरू नका. प्रत्येक आजारात माणूस कोंडायचा नसतो. स्नानं भर पावसाळ्यात आहेत, म्हणजे जुलाब, कावीळ, डेंग्यू यांचीच शक्यता जास्त. तिथे नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का, ते दाखवणारी) आणि पाण्याच्या टाक्या-पिंपं रिकामी करणं हे विलगीकरणापेक्षा कितीतरी कामाचं. 2022 मध्ये मालेगावात गोवर पसरला, तिथे लसीकरण आणि पुरळ आलेल्या मुलाला चार-पाच दिवस इतर मुलांपासून दूर ठेवणं, एवढं हवं होतं. म्हणून अधिकाऱ्यांना पहिला प्रश्न नेहमी हाच: हा आजार पसरतो कसा?

तुमच्या स्वतःच्या संरक्षणाचंही बघा. कोणाला विलगीकरणात ठेवायचं हे ठरवण्याचा अधिकार समितीला नाही. तो महापालिका आयुक्तांचा आणि त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांचा. हे वस्तीला माहीत असलं पाहिजे, म्हणजे उद्या कोणी ‘हिनेच उचलून नेलं’ म्हणणार नाही. 2020 मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि 50,000 ते दोन लाख रुपये दंड ठरला. आशाताई त्यात येतात. समितीच्या बायकांना घरोघरी पाठवायचं असेल, तर आमच्या नावाने लेखी आदेश आणि ओळखपत्र द्या, नाहीतर आम्ही फिरणार नाही, असं ठामपणे सांगा. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

आता वहिनी. इतक्या वर्षांत तुम्ही मनातल्या मनात त्यांना कितीदा तरी समजावून सांगितलं असेल, मी तुमच्या भल्यासाठीच केलं म्हणून. ते घेऊन जाऊ नका. एकट्या जा, दुपारी त्या घरी असतील अशा वेळी, आणि बैठकीचा विषय काढा. म्हणा, ‘वहिनी, केंद्रात विचारतायत की पुढच्या वेळी काय करायचं. तुम्ही आत राहून आलात, मी बाहेर होते. तुमच्यावर काय बेतलं ते मला सांगाल का?’ आणि मग ऐका. त्या रागावतील, कदाचित तुम्ही कधी न ऐकलेलं काही सांगतील: सेंटरमध्ये पोरांशी फोनवर बोलायला चार्जर नव्हता, पाळीच्या दिवसांत कापड नव्हतं, परत आल्यावर नळावर बायका बाजूला सरकल्या. मधे बोलू नका, स्वतःची बाजू मांडू नका. वाटलं तर एवढं म्हणा, की गाडी तशी आली, त्याचं मला वाईट वाटतं. दार लावून घेतलं तर परत फिरा. त्यांचा तो हक्क आहे, आणि त्यावरून तुमच्या कामाची किंमत ठरत नाही.

पण त्या बोलल्या, तर त्यांना समितीत यायला सांगा. मनापासून सांगते, त्या टेबलाशी बसलेल्या डॉक्टरांपेक्षा, अधिकाऱ्यांपेक्षा, माझ्यापेक्षाही विलगीकरणातलं त्यांना जास्त कळतं. त्यांना यायचं नसेल, तर त्यांनी सांगितलेल्या गोष्टी नाव न घेता लिहून घेऊ का, असं विचारा. हो म्हणाल्या तर तोच कागद बैठकीत सगळ्यात आधी वाचा.

बैठकीआधी आशाताईंकडून तीन गोष्टी मागून घ्या: तुमच्या ओळीतल्या घरांची यादी, कोणाकडे विम्याचं कार्ड आहे त्याची नोंद, आणि मागच्या वेळी तुमच्या भागातली माणसं कोणत्या सेंटरला नेली होती त्याची माहिती. सातपूर विभागाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे सूचनांचा अर्ज दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर पोच घ्या. बैठकीत काय झालं ते मला जरूर कळवा.

तुमची,
डॉक्टर